भार किती घेती?

व्हिडिओ कॉलवर मी तात्यांना दुकानातली कनू दाखवत होतो. लाल रंगाची, सतरा फुटी, ट्यूबलाइटच्या उजेडात चकाकणारी. फोन आडवा धरून आधी पुढचं टोक दाखवलं, मग मागचं, मग आतल्या दोन सीटा. मला वाटलं होतं, ते किंमत विचारतील. त्यांनी विचारलं, "भार किती घेती?"

मला पटकन सांगता येईना. आकडा होता, पण पाउंडात. तो किलोत करेपर्यंत पुढचा प्रश्न आला, "आन् उचलणार कोण?"

"मीच," मी म्हणालो. तिकडे क्षणभर शांतता. मग ते हसले. ते हसणं मला लागलं. का लागलं, हे कळायला पुढचे तीन-चार महिने गेले.

आधी कनू म्हणजे काय ते सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी. (दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं घेऊन, पाय आत घालून बसतात तो कयाक. तो वेगळा.) मी राहतो मिनेसोटात. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं आणि ही बढाई नाही, उलट कमीच सांगितलंय. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर ११,८४२ भरतात. त्यामुळे बऱ्याच घरांमागे एक कनू पालथी पडलेली असते, आपल्याकडे जुनी सायकल पडलेली असते तशी.

ऑफिसातला एक मित्र मला सेंट क्रॉय नदीवर घेऊन गेला. ही नदी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या सीमेवरून वाहते. १९६८ साली अमेरिकेने ज्या पहिल्या आठ नद्या कायद्याने राखून ठेवल्या, त्यातली एक. तीन दिवस, दोन रात्री. तंबू, भांडी, तांदूळ, गळ, सगळं एका कनूत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या गळाला स्मॉलमाउथ बास लागला. हातभर नाही, पण वीतभर तरी नक्कीच. दोरीतून त्याचा जो हिसका मनगटात आला तो मी विसरणं शक्य नाही. आयुष्यात मी पकडलेला तो पहिला मासा.

आणि मी भोयाचा पोरगा आहे.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी. म्हणजे होतं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि नदीचा समुद्र झाला. जुनं गाव पाण्याखाली गेलं, आम्ही वर सरकलो. माझे आजोबा, आबा, आधी नदीत मासे धरायचे, मग धरणात धरायला लागले. त्यांचे आजोबा पालख्या-मेणे वाहायचे. भोई म्हणजे हेच: पाण्यात जाळं आणि जमिनीवर खांद्याला ओझं. तात्यांनी हे दोन्ही सोडलं. शाळा शिकले, शिपाई झाले, मग क्लार्क झाले आणि आम्हाला बार्शीला घेऊन आले. मला त्यांनी होडीत कधी बसू दिलं नाही. पोहायला मी पुण्यात शिकलो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, फी भरून, निळ्या टाइल्सच्या टाकीत.

हे सगळं माहीत असताना मी तात्यांना मोठ्या उत्साहाने होडी दाखवत होतो.

पहिली कनू निवडणं हे वरवर पाहता वजनाचं गणित आहे. नदीवर मासेमारी आणि मुक्काम करायचा म्हणजे दोन माणसं, तीन दिवसांचं सामान, शिवाय ओला झालेला तंबू. त्यासाठी सोळा-सतरा फुटांची दोन सीटची कनू लागते. मग प्रश्न कशाची घ्यायची. पॉलिइथिलीनची, म्हणजे जाड प्लॅस्टिकची, स्वस्त असते, दगडावर आपटली तरी बिघडत नाही, पण वजन चाळीस किलोच्या आसपास. रॉयलेक्स नावाचा एक मस्त थर-थरांचा पदार्थ होता, ठोकर खाऊन पुन्हा सरळ होणारा. पण दहा-बारा वर्षांपूर्वी तो बनवणंच बंद झालं; आता जुन्या कनूंमध्येच सापडतो. आणि मग केव्हलार. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ड्यू पाँ कंपनीत शोधलेला धागा, ज्याची बुलेटप्रूफ जाकिटं होतात. त्याची साडेअठरा फुटी कनू अवघी एकोणीस-वीस किलोंची. एका हाताने उचलून गाडीच्या टपावर ठेवावी असं वाटतं.

बुडाचा आकार हा आणखी एक विषय. सपाट बुडाची कनू पहिल्यांदा बसलं की खाटेसारखी स्थिर वाटते. किंचित गोलसर बुडाची मात्र बसल्याबसल्या डुगडुगते आणि नवखा माणूस घाबरतो. पण लाटेत किंवा प्रवाहात कनू एका अंगावर कलली की चित्र उलटं होतं. सपाट बुडाची एका मर्यादेपर्यंत गप्प राहते आणि मग एकदम पालथी होते. गोलसर बुडाची कलते, कलूनही तोलून धरते, परत येते. विक्रेत्याने मला हे कागदावर आकृती काढून समजावलं. तात्यांना मी ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सपाट बुडाची संथ पाण्यातच शहाणी. आबा म्हनायचे." पन्नास वर्षांपूर्वी सोडलेलं पाणी माणसाला इतकं आठवतं, हे मला माहीत नव्हतं.

विक्रेत्याने मग मला कनू उचलायला शिकवलं. मधोमध एक आडवी लाकडी दांडी असते, मानेसाठी खाच केलेली. इंग्रजीत तिला जो शब्द आहे तोच बैलाच्या जुवालाही आहे. कनू मांडीवर घ्यायची, झोका देऊन डोक्यावरून पलटायची, आणि जू खांद्यावर बसवायचं. मी ते केलं. केव्हलारची होती, सोपं गेलं. त्याने माझा फोटो काढला: धडावर डोक्याऐवजी लांबलचक होडी, खाली दोन पाय. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. बहिणीने हसणारे चेहरे टाकले. तात्यांनी रात्री फोन केला.

"आपल्या खानदानात खांद्याचं वझं मी उतरवलं," ते म्हणाले. "तू पैसे देऊन परत घेतलंस."

चेष्टाच होती. निदान सुरुवात तरी चेष्टेनेच झाली होती.

याचं सोपं उत्तर तुम्हाला सुचलं असेल, मलाही लगेच सुचलं. निवड. पणज्याच्या बापाने मेणा वाहिला कारण त्याला दुसरं काही करू दिलं जात नव्हतं. मी कनू वाहतो कारण मला आवडतं. मी हवं तेव्हा खाली ठेवू शकतो. कॅनडातल्या आणि इथल्या नद्यांवर अठराव्या शतकात फरचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांचे मजूर, ज्यांना व्हॉयेजर म्हणत, एकेका खेपेला एकेचाळीस किलोंची दोन गाठोडी पाठीवर घेऊन जंगलातून जायचे. आज त्याच वाटांवर डॉक्टर आणि वकील सुट्टी घेऊन, हौसेने ओझं वाहतात. वाट तीच, अर्थ वेगळा.

पण हे उत्तर माझ्या घशाखाली उतरेना. एक तर, माझी निवड माझी एकट्याची नाही. माझ्या हातात ती यावी म्हणून तात्यांनी स्वतःच्या हातातलं वल्हं टाकलं होतं. दुसरं, हौस म्हटली की ती निरुपद्रवी असते असं आपण धरून चालतो. सह्याद्रीत ट्रेकला जाणारी आपण पोरं गावातल्या माणसाच्या पाठीवर तंबू देतो आणि स्वतःची छोटी सॅक घेऊन 'आज जाम चाललो' अशी स्टोरी टाकतो. मीही टाकलीय. एकाच वाटेवर एकाची हौस आणि एकाचं पोट शेजारी-शेजारी चालत असतं आणि फोटोत हौसच येते.

याच सुमारास मी कनूचा इतिहास वाचायला लागलो. नवी वस्तू घेताना मी असं करतो, निर्णय पुढे ढकलता येतो म्हणून. कनू ही मुळात इथल्या ओजिब्वे आणि इतर मूळ लोकांची. त्यांच्या भाषेत तिला जीमान म्हणतात. सीडरच्या लाकडाच्या फासळ्या, वर बर्च झाडाची साल, ती स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली, शिवणीवर डिंक. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातलं झाड. हिमालयात त्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, इथे तिची होडी झाली. आमच्याकडे दोन भोपळे किंवा ओंडके बांधून नदी उतरायची सांगड होती. 'सांगड घालणे' हा शब्द आपण मीटिंगमध्ये वापरतो तेव्हा कुणी तरी बुडण्यापासून वाचायला ती बांधली होती हे कुणाला आठवतं?

तर, १८३७ च्या तहात ओजिब्वेंनी सेंट क्रॉयच्या आसपासची प्रचंड जमीन अमेरिकन सरकारला दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. कागदावर. पुढे दीडशे वर्षं तो हक्क मानला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने विस्कॉन्सिनमध्ये तो मान्य केला आणि ओजिब्वे वसंतात रात्री दिवे घेऊन, पूर्वापार पद्धतीने, भाल्याने वॉलाय मासा मारायला पाण्यावर परतले. तेव्हा होड्या लावायच्या धक्क्यांवर त्यांच्याविरुद्ध जमाव जमू लागले. शिव्या, दगड. त्या जमावात मोठा भरणा होता हौशी गळवाल्यांचा. म्हणणं असं की हे लोक 'आमचे' मासे संपवतील. १९९१ च्या सरकारी पाहणीत तसं काही आढळलं नाही. मिनेसोटाचा खटला १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ओजिब्वेंच्या बाजूने लागला.

हे वाचताना माझ्या मनात पहिली प्रतिक्रिया काय आली, ते प्रामाणिकपणे सांगतो. भाल्याने? आणि तेही अंडी घालायला किनाऱ्यावर आलेल्या माशांना? मला ते बरं वाटलं नाही. एकच मासा गळाने धरलेला मी, परवाना फोनवर दहा मिनिटांत काढलेला मी, आणि मनाने मी धक्क्यावरच्या जमावात जाऊन उभा राहिलो होतो. मग लक्षात आलं की आबा असते तर त्या धक्क्यावर ते पाण्याच्या बाजूला असते.

आता माशाबद्दल. माझा मित्र धरलेला प्रत्येक मासा सोडतो. हात ओले करून, गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून. त्याच्या मते सगळ्यांनी धरलेलं घरी न्यायचं ठरवलं तर नदी पाच वर्षांत रिकामी होईल. मी तात्यांना अभिमानाने सांगितलं की आम्ही मारत नाही, सोडून देतो.

"धरायचा आन् सोडायचा?" तात्या म्हणाले. "मग धरला कशापायी?"

तात्यांना माहीत नाही, पण स्वित्झर्लंडमध्ये हाच कायदा आहे: सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरणं तिथे बेकायदा. जर्मनीतही प्राण्याला त्रास द्यायला सबळ कारण लागतं आणि मजा हे कारण धरत नाहीत. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि व्हिनेगरमधलं आम्ल टोचून पाहिलं. काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, खाणं लांबलं. माशांना 'वेदना' होते का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण तो प्रयोग वाचल्यावर मनगटातला तो हिसका मला वेगळा आठवायला लागला. मला जो आनंद झाला होता, तो नेमका त्याच्या धडपडीचा होता.

आबांनी हजारो मासे मारले. मी एक सोडला. दोघांत दयाळू कोण, हे मी इतकी वर्षं सहज सांगितलं असतं.

उलटी बाजूही आहे, आणि ती मला माझ्या चुलतभावाने दाखवली. तो अजून उजनीत मासे धरतो. पण हिवाळ्यात बॅकवॉटरला रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागून मोठ्या लेन्सवाले लोक. भाऊ पहाटे त्यांना होडीतून फिरवतो. "जाळ्यापरीस फोटोवाले बरे," तो म्हणाला. "जाळं रिकामं येतं, ते रिकामे येत न्हाईत." त्याला हौशी लोकांचा राग नाही. त्याला शनिवार-रविवारचं बुकिंग हवंय. तेव्हा हौस वाईट, पोट पवित्र, असं मी लिहायला बसलो असतो तर पहिला तोच हसला असता.

केव्हलारची कनू मी जवळजवळ घेतली होती. ३,४०० डॉलर. तात्यांनी एकदा शेवटी किंमत विचारलीच आणि मी म्हणालो, "हजारभर." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. लाखांचे हिशेब मी त्यांच्यापासून यापूर्वीही लपवलेत: घरभाडं, विमानाची तिकिटं, एकदा बुटांची किंमत. ती लपवताना काही वाटलं नव्हतं. पण होडीच्या बाबतीत खोटं बोलल्यावर मात्र वाटलं की आबांची होडी, जी डांबर लावून लावून वीस वर्षं चालवली, तिच्याबद्दलच खोटं बोललो. हे तर्कात बसत नाही, मला कळतं. पण मी ती घेतली नाही.

मे महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेजमधून जुनी अॅल्युमिनियमची घेतली. सतरा फुटी, चौतीस किलो, साडेचारशे डॉलर. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने युद्ध संपता संपता विमानाचाच पत्रा वापरून अशा कनू काढायला सुरुवात केली, त्या घराण्यातली. तिचे दोष सांगून ठेवतो, कुणाला घ्यायची असेल तर उपयोग होईल: खडकाला चिकटते, प्लॅस्टिकसारखी घसरून जात नाही. उन्हात तापते, थंडीत बर्फ होते. वल्हं काठाला लागलं की ठण्णकन आवाज होतो आणि पाच-पन्नास फुटांतले मासे पसार. चौतीस किलो एकट्याने खांद्यावर घेऊन मी दोनशे पावलं चालू शकतो, तिसऱ्या शंभरात मान बोलायला लागते. पण भार भरपूर घेते. मी तात्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "पत्र्याची हाय व्हय. चांगली हाय." मग मी खरी किंमत सांगितली. आधीची पण सांगितली. ते काही बोलले नाहीत.

जुलैत आई आणि तात्या इकडे आले. मी तात्यांसाठीही परवाना काढला आणि छापून दिला. त्यांनी त्याची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, नंतर पूर्ण मुक्कामात ती काढली नाही. एका रविवारी आम्ही दोघं टेलर्स फॉल्सच्या खालून ऑसिओलापर्यंत गेलो. मी मागच्या सीटवर बसायला लागलो, कारण दिशा मागचा ठरवतो आणि मी दोन वर्षं शिकलोय. "मागं मी बसतो," ते म्हणाले. लाइफ जाकीट घालायला कुरकुर केली, घातलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, पन्नास वर्षांनी वल्हं हातात. पहिली दहा मिनिटं आम्ही गोल गोल फिरलो. मग फिरायचं थांबलो.

दुपारी त्यांनी दोन बास धरले. पहिला बरा होता, तो रात्री हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर गेला. दुसरा लहान निघाला. त्यांनी तो गळातून सोडवला, पाण्यात धरला, शेपटी हलेपर्यंत थांबले आणि सोडून दिला.

"आता हे काय केलंत?" मी म्हणालो.

"ल्हान हाय."

"मग मी काय वेगळं करतो?"

त्यांनी विचार केला. "मी खायला धरला हुता," ते म्हणाले. "तू सोडायला धरतोस."

मी तेव्हापासून एक नियम केलाय: संध्याकाळी खायचा तेवढाच धरायचा, मग गळ गुंडाळून नुसतं बसायचं. निम्म्या वेळेला पाळतो. उरलेल्या निम्म्या वेळेला पाण्यात काहीतरी उसळी मारतं आणि हात आपोआप गळाकडे जातो.

ऑसिओलाच्या धक्क्यावरून गाडीपर्यंत चढ आहे. मी नेहमीप्रमाणे कनू मांडीवर घेऊन झोका द्यायच्या तयारीत उभा राहिलो, तेवढ्यात मागचं टोक उचललं गेलं. मी म्हणालो, तात्या, राहू द्या, पाठ धरेल. ते ऐकेनात. म्हणून मी पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि निघालो. वीस पावलं गेल्यावर मागून आवाज आला, "आरं सांग की."

"काय सांगू?"

"मला म्होरलं दिसत न्हाई. पुढच्यानं सांगायचं असतं."

मग मी सांगत गेलो. दगड आहे. इथे ओलं आहे. डावीकडे घ्या. आता चढ.